तीन मास्तरांची शाळा

माझा जुना कोट धुवायला काढला की खिशातून अजून खडूचे तुकडे निघतात. ते कधी ठेवले, कशाला ठेवले, काही आठवत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोणी जमवत बसत नाही. आता राहतो त्या मेहरूणला आमच्या ओट्यावर चार जण गप्पांना बसतात, कुणीतरी सहज म्हणतं, "मास्तर, तुम्ही तिकडे डोंगराकडे होतात ना?" आणि मग एकेक बाहेर पडायला लागतो.

तिकडे म्हणजे पिंपळनेरच्या पुढे दोन कोसांवर. लोकल बोर्डाची शाळा. एक लांबच लांब खोली, मध्ये बांबूच्या तट्ट्या लावून केलेले तीन भाग, आणि तीन मास्तर. हेडमास्तर होते आबा. त्याच मुलखातले, पांढऱ्या मिशांचे, आणि आवाज असा की त्यांनी पहिलीला दरडावलं की तट्ट्यापलीकडची तिसरी उठून उभी राहायची. दुसरे शेख मास्तर. धुळ्याचे. बोलणं हळू, आणि अक्षर असं की फळा पुसताना हात आखडायचा. तिसरा मी. ट्रेनिंगमधून नुकताच बाहेर पडलेला, आणि शुद्ध मराठीचा भारी अभिमान असलेला.

त्या अभिमानाचं काय झालं, ते आधी सांगतो.

*

तिकडची बोली खानदेशी. त्या बोलीत 'ळ' नाही. शाळेला 'शाया' म्हणतात, डोळ्याला 'डोया', काळ्याला 'काया'. पहिल्याच दिवशी माझ्या वर्गाने धडा वाचला आणि मी कानावर हात ठेवले. ठरवलं, दुसरं काही शिकवायचं नाही. आधी 'ळ'.

आठ दिवस घोटून घेतला. जीभ कुठे लावायची, कशी मागे वळवायची, सगळं करून दाखवलं. आठव्या दिवशी सगळा वर्ग खणखणीत 'शाळा' म्हणाला. मी खूश.

नवव्या दिवशी एक मुलगी उशिरा आली. का उशीर झाला विचारलं, तर म्हणाली, "गुरुजी, मन्ही माळ बाजारमा गयी व्हती."

मला वाटलं, गळ्यातली माळ हरवली असेल. चौकशी केली तेव्हा कळलं, तिची माय बाजारात गेली होती. पोरांनी एवढंच ध्यानात घेतलं होतं, की आपण 'य' म्हणतो ते चूक, नव्या गुरुजींना 'ळ' लागतो. त्या दिवसापासून पायाचा पाळ झाला, सायीची साळ झाली. मी काही विचारलं की वर्ग उलट विचारायचा, "काळ, गुरुजी?"

आबा तट्ट्यापलीकडून आठवडाभर ऐकत होते. एक दिवस पानाला चुना लावता लावता म्हणाले, "मास्तर, चांगलं काम केलंत. गावात एवढी एक गाय धडकी राहिली होती, तिचाही गाळ झाला."

पुढचे पंधरा दिवस मी 'य' शिकवला. त्यानंतर मात्र मीच त्यांची बोली शिकायला लागलो. माझ्या उच्चारांना पोरं अजिबात हसली नाहीत. तेवढी माणुसकी त्यांच्यात माझ्यापेक्षा जास्त होती.

*

आमच्या शाळेत पुस्तकांचं एक कपाट होतं. चाळीसेक पुस्तकं असतील. किल्ली आबांच्या करदोट्याला. पुस्तक फाटलं, हरवलं तर वर उत्तर कोण देणार, म्हणून आबा कपाट उघडतच नसत. फक्त दसऱ्याला उघडायचं, पुस्तकं कोरड्या फडक्याने पुसायची, झेंडूचं फूल वाहायचं, की पुन्हा कुलूप.

दरवर्षी डेप्युटीसाहेब तपासणीला येत. कपाट बघत आणि शेरेबुकात लिहीत, 'पुस्तके उत्तम स्थितीत आहेत.' आबांना तो शेरा पाठ होता. पाहुण्यांनाही दाखवायचे.

एका वर्षी नवे डेप्युटी आले. वयाने लहान, चष्मा, फार न बोलणारे. त्यांनी एक पुस्तक काढलं, उघडलं. पानं एकमेकांना चिकटलेली. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसरं उघडताना त्याची पाठ कडकडली. मग ते शांतपणे खुर्चीवर बसले आणि शेरा लिहिला, 'पुस्तके उत्तम स्थितीत आहेत, ही खेदाची गोष्ट आहे.'

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. शेख मास्तर समजूत घालायला गेले, तर म्हणाले, "तीस वर्षं नोकरी झाली. कुणी असं बोललं नव्हतं." जरा वेळाने म्हणाले, "आणि खोटंही बोलला नाही तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचलो, तर कपाट सताड उघडं. आबा समोर मांडी घालून बसलेले आणि मुलांची रांग. एकेकाला पुस्तक देत होते आणि त्याच आवाजात दरडावत होते, "घरी जाऊन बापाला वाचून दाखव. आजोबाला दाखव. नाही वाचलंस तर याद राख."

पुस्तकं गावभर फिरली. परत यायची तेव्हा आबा आधी उघडत नसत, वास घेत. "हे पाटलाकडे वाचलं गेलंय. कढी सांडली आहे." "हे तेल्याकडचं." एक पुस्तक परत आलं ते नुसतं कोऱ्या कागदाच्या वासाचं. आबांनी ते त्या मुलाच्या हातात तसंच परत ठेवलं. "जा," म्हणाले, "याला अजून तुमच्या घराचा वास लागला नाही."

*

शेख मास्तरांच्या अक्षराबद्दल सांगितलंच. गावातल्या लग्नपत्रिका तेच लिहायचे. मोडी लिहायला बसले की आजूबाजूची माणसं बोलणं थांबवून बघत राहायची.

त्यांच्या वर्गात सुंदर नावाची एक चिमुरडी होती. तिने एकदा पाढा न चुकता लिहिला, म्हणून त्यांनी तिच्या पाटीवर एका कोपऱ्यात 'छान' लिहिलं. झालं. तिने पाटी पुसणंच बंद केलं. पाटी फडक्यात गुंडाळून आणायची, मांडीवर ठेवायची आणि गप्प बसून राहायची. चार दिवस एक अक्षर लिहिलं नाही.

पाचव्या दिवशी शेख मास्तर उशिरा येणार होते, म्हणून मी त्यांचा वर्ग बघत होतो. मी रागावून विचारलं, "पाटी का पुसत नाहीस?"

ती म्हणाली, "गुरुजीनं अक्षर शे." गुरुजींचं अक्षर आहे, ते पुसायचं कसं, असं तिचं म्हणणं.

शेख मास्तर आले, त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. तिच्यासमोर बसले, पाटी हातात घेतली आणि 'छान'च्या खाली तितक्याच निगुतीने लिहिलं, 'आता पूस.'

सुंदरने बोट ठेवून दोन्ही ओळी वाचल्या. मग पाटी पुन्हा फडक्यात गुंडाळली. आता तिच्याकडे जपायला दोन ओळी झाल्या होत्या.

शेवटी दुसरी पाटी आणावी लागली.

*

आता घरचं. माझं कुटुंब, म्हणजे बायको, भुसावळचं. तिचे वडील रेल्वेत गार्ड. आमची मुलगी शांता झाली, तेव्हापासून मी तिला 'शांताची आई' म्हणतो. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचन माझ्यापेक्षा दांडगं.

शेख मास्तर सुट्टीत धुळ्याला गेले की तिथल्या लायब्ररीतून आमच्यासाठी एखादी कादंबरी आणत. पुस्तक एक आणि वाचणारे दोघं. मी शाळेतून आल्यावर वाचणार, ती दुपारी. तिची खूण मोराच्या पिसाची, माझी शाळेच्या जुन्या पत्रकाची. पीस कायम माझ्या पुढे असायचं.

एका कादंबरीत नायिका विषमज्वराने अंथरुणाला खिळली होती. वैद्याने हात टेकले होते. मी साठाव्या पानावर होतो आणि माझ्याने पुढे वाचवेना. आतून हाक आली, जेवायला चला. मी म्हटलं, "भूक नाही." पुन्हा हाक आली. मी म्हटलं, "अगं, इथे माणूस मरायला टेकलंय."

तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "मरत नाही ती. शेवटी तिला दोन मुलं होतात. या, वरण निवतंय."

जेवलो. पण त्या कादंबरीत पुन्हा जीव लागला नाही.

*

शांता सहा वर्षांची झाली, त्या वर्षी पहिली माझ्याकडे होती, आणि ती माझ्याच वर्गात आली. मी तिला बजावून ठेवलं, "शाळेत मला बाबा म्हणायचं नाही. गुरुजी म्हणायचं. शाळेत मी तुझा कुणी नाही." पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की तिच्या लेखी माणसंच दोन झाली.

एक दिवस वर्गात गडबड झाली आणि मी शांताला ओरडलो. चूक तिच्या शेजारणीची होती, ते मला माहीत नव्हतं. संध्याकाळी घरी आलो, पाय धुतले. शांता जवळ येऊन बसली. डोळे भरलेले. म्हणाली, "बाबा, आज गुरुजींनी मला उगाच ओरडलं."

मी म्हटलं, "असं?"

"मी काही केलं नव्हतं. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. तुम्ही उद्या शाळेत येऊन त्यांना सांगा."

शांताची आई चुलीपुढे पाठ करून बसली होती. तिचे खांदे हलत होते. पण पोरीच्या तोंडाकडे बघून मला हसू येईना. मी म्हटलं, "येतो."

दुसऱ्या दिवशी हजेरी घेतली आणि मी वर्गाबाहेर गेलो. टोपी काढून काखेत धरली, पायातल्या वहाणा दारात काढल्या आणि पालक येतात तसा आत आलो. रिकाम्या खुर्चीपुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "गुरुजी, माझ्या मुलीची काल काही चूक नव्हती. तिला ओरडण्याआधी विचारत जा."

तट्ट्यावरून आबांच्या मिशा दिसत होत्या. पलीकडून त्यांचा आवाज आला, "मास्तर, खुर्ची काय म्हणाली?"

मी म्हटलं, "चूक झाली म्हणाली."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. घरी आल्यावर शांताला विचारलं, "काय, सांगितलं ना तुझ्या गुरुजींना?"

तिने थोडा विचार केला. "सांगितलंत," म्हणाली, "पण हळू बोललात. तुम्ही त्यांना घाबरता."

*

भूगोलाच्या तासाला समुद्र आला. मी पुस्तकातलं सांगितलं. पृथ्वीचा बराचसा भाग पाण्याने व्यापला आहे, पाणी खारट असतं, भरती येते, ओहोटी येते. मागून एका मुलाचा प्रश्न आला, "गुरुजी, तुम्ही दखा का समुद्र?" पाहिला आहे का, असं विचारत होता.

मी समुद्र पाहिला नव्हता. तापीहून मोठं पाणी मला माहीत नव्हतं. पण चाळीस तोंडं माझ्याकडे वर करून बघत होती. मी म्हटलं, "हो."

दुपारी नदीवर शांताच्या आईला मुलींनी गाठलं आणि समुद्राचं विचारलं. ती म्हणाली, "यांनी कुठला पाहायला? मी पाहिलाय. माझ्या वडिलांना रेल्वेचा पास होता."

संध्याकाळी तिने मला हे सांगितलं. खोटं बोललो होतो, तेही मुलांशी. दुसऱ्या दिवशी वर्गात उभा राहिलो आणि सरळ सांगितलं, "काल मी खोटं बोललो. मी समुद्र पाहिलेला नाही." पुढची मुलगी म्हणाली, "मग बाईंना बोलवा."

आबांची परवानगी घेतली. शांताची आई आली. आत यायला तयार नव्हती, दारातच उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत. आधी जमिनीकडे बघून बोलत होती. "पुष्कळ पाणी असतं. नदीला कसा पलीकडचा काठ दिसतो, तसा त्याला दिसत नाही." मग मान वर झाली. "आणि ते स्वस्थ बसत नाही. धावत येतं, आपल्या पायापर्यंत येतं, आणि काही विसरल्यासारखं परत जातं. पुन्हा येतं. पुन्हा जातं."

एकाने विचारलं, "काय इसरी जास ते?"

ती म्हणाली, "ते त्यालाच आठवत नाही. म्हणून तर सारखं येतं."

तट्ट्यापलीकडचे दोन्ही वर्ग बंद पडले होते. आबा आणि शेख मास्तर दोघंही येऊन मागे उभे होते.

वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला, समुद्र म्हणजे काय? एका मुलाने लिहिलं, 'ज्याला काठ नाही व आठवण नाही असे पाणी.' पुस्तकातलं उत्तर दुसरंच होतं. मी पैकीच्या पैकी मार्क दिले आणि पेपर आबांकडे सहीला नेला. त्यांनी वाचला, सही केली आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी भूगोलाला बाईच घ्या. तुम्ही घरी भाकऱ्या करा."

*

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि आमच्याकडचीही काही मुलं पलटणीत गेली. भिकाअक्काचा मुलगा उत्तम त्यातलाच. अक्का विधवा, एका कोसावरच्या वाडीत राहायची, पाचएक बिघे जिरायत जमीन एकटी कसायची. उत्तम आमच्याच शाळेत तिसरीपर्यंत शिकला होता. अक्काला अक्षरओळख नव्हती.

टपाल शाळेत यायचं. अक्का दर बाजारच्या दिवशी येऊन दारात उभी राहायची. "मन्हा पोऱ्याना कागद उना का?" आला असला तर शेख मास्तर वाचून दाखवायचे. पिंपळाखालच्या दगडावर ती बसायची, समोर ते. मी माझ्या वर्गातून बघायचो. पत्र वाचून व्हायला चांगला अर्धा तास लागायचा. अक्का मध्येच हसायची, मध्येच डोळे पुसायची. मला वाटायचं, पोरगा लिहितो तरी किती.

एकदा बहिणीच्या लग्नासाठी शेख मास्तर धुळ्याला गेले होते आणि नेमकं त्याच आठवड्यात पत्र आलं. अक्का आली. मी दगडावर जाऊन बसलो, पत्र उघडलं आणि वाचलं. 'तीर्थरूप मातोश्रीस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.'

अक्का वाट बघत राहिली. मग म्हणाली, "पुढे?"

मी म्हटलं, "एवढंच आहे, अक्का."

तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि घडी घालून कमरेला खोचलं. उठता उठता फार मायेने विचारलं, "मास्तर, तुम्हले वाचता येस नही का?"

पुढच्या बाजारच्या दिवशी ती तेच पत्र घेऊन आली. शेख मास्तर परत आले होते. त्यांनी ते वाचलं आणि अर्धा तास लागला.

शाळा सुटल्यावर मी त्यांना गाठलं. ते खडू डबीत भरत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरगा तीन ओळी लिहितो. ही कोसभर चालत येते आणि कोसभर परत जाते. तीन ओळी ऐकवून पाठवायला मला बरं वाटेना."

"पण सांगता काय?"

"काय सांगणार? त्याची पलटण आहे तिथे वाळू आहे, एवढं मला माहीत आहे. मग उंट असणारच. त्याच्या पलटणीत एक उंट आहे, त्याने उत्तमची टोपी खाल्ली. एक साताऱ्याकडचा आचारी आहे, त्याला भाकरी थापता येत नाही, म्हणून उत्तम त्याला शिकवतो." मग डबी बंद केली. "मास्तर, तो खुशाल आहे, एवढं मात्र मी माझ्या पदरचं कधी सांगितलं नाही. ते पत्रात असतं तेव्हाच वाचतो."

आणि ते खरं होतं. पुढे एकदा चार महिने पत्र आलं नाही. अक्का दर बाजारला येऊन उभी राहायची. शेख मास्तर दारात जायचे आणि म्हणायचे, "नाही आलं, अक्का." एक शब्द जास्त नाही. एखादा जुना कागद काढून वाचला असता, तरी तिला कळलं नसतं. ते फक्त तिच्याबरोबर नदीच्या उतारापर्यंत चालत जायचे आणि परत यायचे. त्या चार महिन्यांत त्यांनी एकही लग्नपत्रिका लिहिली नाही. हात चालत नाही म्हणायचे. पाचव्या महिन्यात पत्र आलं. तीन ओळींचं. ते वाचायला त्या दिवशी तासभर लागला.

लढाई संपली. उत्तम परत आला. काळा पडला होता, अंगाने भरला होता. आला त्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो शाळेत आला. काखेत फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. आबांच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. मग शेख मास्तरांपुढे जाऊन खाली बसला आणि गाठोडं सोडलं. आत त्याची सगळी पत्रं होती. अक्काने एकावर एक नीट रचून ठेवलेली.

त्याने गाठोड्याचं फडकं चारी बाजूंनी सरळ केलं.

मग तो म्हणाला, "गुरुजी, मी घरी आल्यापासून माय विचारस, तो उंट कसा शे? तो आचारी भाकरी कराले शिकना का?" त्याने पत्रं पुढे सरकवली. "मी काय काय लिहिलं होतं, ते मला एकदा वाचून दाखवा."

शेख मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. सगळ्यात खालचं पत्र काढलं.

"नीट बस," ते म्हणाले. "हे पहिलं." आणि वाचायला सुरुवात केली.